उंबराच्या विहिरीचं माप

मु. ढवळदरा, ता. पाटोदा
४ डिसेंबर २०२४

चि. धनश्रीस,

मी मुक्ताबाई. तुझ्या बापाची आई. पाटोद्याच्या पुढं डोंगराला टेकून ढवळदरा नावाचं गाव हाय, तिथं राहते. दिवाळीपासून तुझा एकही फोन नाही, म्हणून म्हटलं आधी ओळख करून द्यावी. डोक्यात एवढं नवं भरलंस तर जुनं काहीतरी बाहेर सांडणारच. त्यात आजी सांडली असेल.

मी दोनदा फोन लावून घेतला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "आजी, लेक्चर हाय, ठेवते." दुसऱ्या वेळी रविवार होता. म्हणून हे पत्र. फोन ठेवता येतो, पत्र ठेवलं तरी तिथंच पडून राहतं.

मला अक्षर येत नाही हे तरी आठवत असेल. लिहितायत आप्पाराव गुरुजी, ज्यांनी तुला चौथीत शिकवलं. मी बोलते, ते शुद्ध करतात. मी 'लई' म्हटलं की ते 'खूप' लिहितात. मी म्हटलं, गुरुजी, असं केलं तर पोरीला वाटेल दुसरीच कुणी म्हातारी बोलतेय. जिथं लई हाय तिथं लईच राहू द्या.

बैठकीचा राग तू अजून धरलायस असं गुरुजींचं म्हणणं. राग कुणी धरायचा ते आधी ठरवू. गावाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर झाली, एकच. कुठं खोदायची म्हणून दिवाळीत शाळेच्या ओट्यावर सगळे बसले. मी म्हटलं, उंबराच्या विहिरीच्या खालच्या अंगाला. चाळीस वर्षं या शिवारात लोक मला विचारून विहिरी खोदतात. वारूळ कुठं, उंबर कुठं, वैशाखात हरळी कुठं हिरवी राहते हे बघून मी जागा सांगते. आणि माझी नात भर बैठकीत उठून म्हणाली, "आजी, अंदाजावर विहीर न्हाई खोदत. आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणतात..."

मॅडम म्हणतात. मॅडम म्हणतात. माझ्या पदराला शेंगदाणे होते, त्यांनी मी मोजलं. अकरा वेळा. बाराव्या वेळी मी सगळे खाऊन टाकले, कारण ज्याच्या विहिरीला मी खारट म्हणते तो सिदू तोवर हसायला लागला होता. "मुक्ताबाई, आता नातीकडं शिकवणी लावा!"

मॅडमचं म्हणणं काय, तर शाळेमागची, सिदूची आणि उंबराची, या तीन विहिरींचं पाणी दिवाळीपासून दर महिन्याला मोजा, जिचं सगळ्यांत कमी उतरेल तिच्याजवळ नवी खोदा. सरपंचांना पटलं. नाहीतरी गुढीपाडव्याशिवाय ते नारळ फोडणार नव्हतेच. त्यावर मी तुला काहीतरी बोलले म्हणे. काय बोलले ते मला आठवत नाही. वय झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तू गेलीस आणि बांधलेल्या भाकरी उतरंडीवरच राहिल्या.

जाताना मापाची दोरी तू गुरुजींकडं देऊन गेलीस, माझ्याकडं नाही. पण गुरुजींचा गुडघा विहिरीच्या काठावर वाकत नाही. त्यामुळं माप मीच घेते. टोकाला दगड, हाता-हातावर गाठ. पाणी मागच्या वेळेपेक्षा किती गाठी खाली गेलं ते बघायचं. वाचता येत नसलं तरी मोजता येतं मला.

तर अमावस्येचं माप. शाळेमागची विहीर दोन गाठी उतरली. सिदूची तीन. उंबराची एकच. गुरुजी विचारतायत, "एकच? नक्की ना?" मी म्हटलं, विहिरीवर तुमी गेलता का मी?

मॅडमना सांग. लगेच सांग.

तुझी आजी


२ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस,

पत्राचं उत्तर म्हणून गुरुजींच्या मोबाईलवर "माप मिळालं" एवढं आलं आणि सोबत एक फोटो. गुरुजींनी फोटो बोटांनी मोठा करून दाखवला. तू कुठल्यातरी डोंगरावर, हातात हातोडी, डोक्यावर टोपी. शेजारी एक बाई, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. केस कापलेले, तोंडभर हसणं. गुरुजी म्हणाले, "याच विजयमाला मॅडम." मी म्हटलं, ते न सांगता कळलं. टोपी तिनंच सरळ केली असणार. मी डोक्याला फडकं बांधायला आले की तू भोकाड पसरायचीस.

तू जे शिकतेस त्याचं नाव गुरुजींनी मला तीनदा म्हणून दाखवलं. पर्यावरण भूशास्त्र. मी लोकांना दगडमातीचं कॉलेज म्हणून सांगते. सिदूच्या बायकोनं विचारलं, "दगडमाती शिकायला संभाजीनगर कावून? इथं काय कमी हाय?" मी तिला गप्प केलं, पण मनातून मला तिचं पटलं.

गुरुजींना तू वेगळं लिहिलंस म्हणे की खडक ओळखायला ओला करून, कधी जीभ लावूनही बघतात, आणि हे मॅडमनी शिकवलं. वा. तीन वर्षांची होतीस तवा नाल्यातला मुरूम चाटत बसायचीस. पाठीत धपाटा मी घातला. म्हणजे त्या विद्येला पहिला विरोध माझाच. पण विद्या माझ्याच मागं फिरताना मिळाली ना? पांढरट मऊ मुरूम पाणी धरतो, काळा पाषाण धरत नाही, हे तुला कुणी दाखवलं? माझ्या काठीनं दाखवलं. तिच्या हातोडीनं नाही.

तुझे आई-बाप यंदा कर्नाटकाकडं ऊसतोडीला गेलेत. संजयचा फोन येतो, कोयता चालू हाय म्हणतो. तू आठ महिन्यांची होतीस तवापासून हे असंच. दसऱ्यानंतर ते टोळीबरोबर निघायचे आणि तू माझ्याकडं राहायला रडायचीस. उन्हाळ्यात ते परत यायचे आणि तू माझ्याकडून जायला रडायचीस. हे दुसरं रडणं माझ्या वाट्याचं. त्याच्यावर मी उरलेलं वर्ष काढायची. तुझ्या आईचा मला कधी हेवा वाटला नाही, कारण तिचं तिला, माझं मला. आता मधेच ही तिसरी आली.

गुरुजी म्हणतात हेवा हा शब्द पत्रात बरा दिसत नाही. दिसू नये बरा.

सोमवती अमावस्येचं माप. शाळेमागची दोन, सिदूची तीन, उंबराची एक. तुझी आजी बरोबर निघतेय, त्याला मी काय करू? मॅडमचं तोंड कसं झालं ते कळव. खरं खरं कळव.

उंबराकडं जाताना हल्ली पाय जड होतात. थंडीचे दिवस.

तुझी आजी


५ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्रीस,

सोमवारी तुझा फोन आला. तीन महिन्यांनी. मी चुलीपुढं होते. वीस मिनिटं बोललीस, असं गुरुजींचा मोबाईल सांगतो. तू जे जे म्हणालीस ते मी इथं परत लिहून घेते, म्हणजे माझ्याकडं कागदावर राहील.

तू म्हणालीस, मॅडमनी सगळ्या वर्गाला आपल्या गावची मापं दाखवली. म्हणाल्या, "धनश्री, तुझ्या आजींचा तो अंदाज नाही. तो चाळीस वर्षांचा अभ्यास आहे. आपण शिकायला पाहिजे त्यांच्याकडून." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळ्यांत जास्त. मग तू म्हणालीस, "आजी, मी चुकले. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं." आणि रडलीस.

मी नुसतं "हं" म्हटलं. तू विचारलंस, "आजी, तुला आनंद न्हाई का झाला?"

झाला. तव्यावर भाकर करपत होती, म्हणून बोलता आलं नाही.

पुढं म्हणालीस की वीस मार्चला बीडला साहेब लोकांसमोर तू स्वतः उभी राहून हा अभ्यास सांगणार. सरपंचांनाही तू कळवलंस, पाडव्याला नारळ उंबरापाशी फुटणार. परवा ते दारावरून जाताना मला हात जोडून गेले. याआधी कधी जोडले नव्हते. सिदू आता हसत नाही, रामराम घालतो. गावात सगळं कसं माझ्या मनासारखं चाललंय.

माझं जेवण मात्र निम्म्यावर आलंय. गुरुजी म्हणतात डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, डॉक्टरला काय दिसणार?

माप लिहून घे. शाळेमागची दोन. सिदूची चार. उंबराची... लिहा गुरुजी, थांबलात कावून? उंबराची दोन.

एक विचारते. बीडला जायच्या आधी तू स्वतः येऊन एकदा मोजणार का? नाही आलीस तरी चालेल, लई लांब पडतं. पण यायचं ठरवलंस तर मला आधी कळवू नकोस. अचानक ये.

मॅडमना आणू नकोस. त्या टाळ्या वाजवतील.

तुझी आजी


१ मार्च २०२५

चि. धनश्रीस,

तू आली नाहीस. म्हणजे तुझा माझ्यावर लई विश्वास बसलाय. आता मलाच बोलावं लागणार.

आज गुरुजींना चहा आधीच पाजला. पुढचं ऐकून ते माझ्या घरी चहा घेतील असं वाटत नाही.

पोरी, मापं खरी आहेत, नावं खोटी आहेत. उंबराची म्हणून जी उतरण कळवली ती सिदूच्या विहिरीची. सिदूची म्हणून कळवली ती उंबराची. तिन्ही महिने. शाळेमागची तेवढी बरोबर.

गुरुजींनी पेन खाली ठेवलाय. माझ्याकडं बघतायत. उचला गुरुजी, अजून संपलं नाही.

पहिल्या अमावस्येला मी उंबराच्या विहिरीत दोरी सोडली तवा दिवाळीला जिथं पाणी होतं ती गाठ गेली, पुढची गेली, तरी दगड पाण्याला लागेना. मी वर ओढली. परत सोडली. तीन गाठी. एका महिन्यात तीन हात पाणी गेलेलं. मग सिदूच्या विहिरीवर गेले, जिला मी आयुष्यभर नावं ठेवली. तिथं एक गाठ. मी काठावर बसून राहिले. उंबराची विहीर मी नवरी म्हणून या गावात आले तवापासून ओळखते. ती मला खोटं पाडत होती, आणि ते तुझ्या मॅडमपुढं.

गुरुजींच्या दारात पोचेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "उंबराची किती?" आणि तोंडातून एक निघालं. मग सिदूची तीन सांगावीच लागली. एवढं सोपं होतं.

मला विहीर जिंकायची नव्हती गं. मला ती बाई हरायला पाहिजे होती. तिनं चिडावं, तुझ्यापुढं तिचं तोंड उतरावं, आणि तू म्हणावंस की माझी आजीच खरी. पण तिनं टाळ्या वाजवल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या दिवशी फोनवर तू रडलीस ते मी चोरून घेतलेलं रडणं होतं. ते परत करते.

आणि दिवाळीत काय बोलले तेही मला आठवतं. सगळं आठवतं. "ती काय तुझी आई हाय का? सहा सहा महिने तुला कुणी सांभाळलं, तुझ्या आईनं का तिनं?" असं मी सगळ्या गावासमोर म्हटलं. तुझी आई तिकडं उसाच्या फडात मोळ्या बांधत असताना तिलाही त्यात ओढलं. तू पहिल्या गाडीनं गेलीस त्यात तुझं काही चुकलं नाही.

आता काय करायचं ते ऐक. मागच्या तिन्ही महिन्यांत सिदूची आणि उंबराची नावं उलटी करून घे. परवाच्या अमावस्येचं माप नव्यानं देते: शाळेमागची तीन, सिदूची दोन, उंबराची पाच. ही नावं खरी. उंबरापाशी विहीर खोदली तर पुढच्या होळीला गाव कोरडं पडेल. बीडला खोटं सांगू नकोस. सरपंचांना मी सांगते, तू मधे पडू नकोस. ज्या ओट्यावर बोलले त्याच ओट्यावर सांगेन.

गुरुजी म्हणाले, "मुक्ताबाई, हे मी आत्ताच्या आत्ता मोबाईलवर कळवतो." मी म्हटलं, आकडे कळवा. बाकीचं पोस्टानंच जाऊ द्या. फोनवर तिनं माझा आवाज ऐकून लगेच माफ केलं तर मला ते पटायचं न्हाई. आणि न्हाई केलं तर मला ऐकवायचं न्हाई.

चहा त्यांनी अर्धा ठेवला.

आजी


८ एप्रिल २०२५

चि. धनश्रीस,

तू गेल्याला बारा दिवस झाले. तू माझ्याशी मोजून नऊ वाक्यं बोललीस, त्याहून जास्त मी मागत नाही.

आधी गावाचं. ओट्यावर मी उभी राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सरपंच म्हणाले, "मुक्ताबाई, आमच्या लेकरांच्या पाण्याशी खेळलात." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार? सिदू तेवढा नंतर घरापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "माझ्या विहिरीला जन्मभर खारट म्हटलीस मावशे, आता गावाची विहीर तिच्याच दारात आली." हा एकटा माणूस त्या दिवशी माझ्याशी नीट बोलला. मला तो आवडत नाही, हे अजून कठीण झालं.

पाडव्याला नारळ सिदूच्या विहिरीखालच्या गायरानात फुटला. मला बोलावणं नव्हतं. मी गेले. मागं उभी राहिले.

बीडचं तुझं उभं राहणं हुकलं. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं केलं, आता जूनमध्ये बघू म्हणाले. ते माझ्यामुळं. त्याच्यावर मी काही गंमत करणार नाही.

तू आलीस ते मला गावानं सांगितलं. घरी न येता मॅडमबरोबर शाळेत उतरलीस. मी लांबून, बांधाबांधानं मागं येत बघत होते. प्रत्येक विहिरीवर तू दोरी तीन-तीनदा सोडलीस आणि प्रत्येक वेळी वहीत लिहिलंस. मान वर केली नाहीस. वाकून बघताना एक पाय मागं टेकवतेस, मी टेकवते तसा.

दुपारी मॅडम एकट्याच माझ्याकडं आल्या. चपला बाहेर काढल्या, सतरंजी मागितली नाही, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. मी पाणी दिलं. चहा विचारला नाही. म्हटलं, आता ही बाई मला माफ करणार आणि मी हिला घरातून काढणार.

त्या म्हणाल्या, "आजी, उंबराच्या विहिरीला पाणी आहे असं तुम्ही चाळीस वर्षं सांगता. ते उगीच नसणार. पूर्वी टिकायचं का?"

"टिकायचं म्हंजे? बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या गावानं तिथंच भरलं."

"मग कमी कधीपासून व्हायला लागलं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही मला विचारलं नव्हतं. मनातल्या मनात मागं मागं गेले. म्हटलं, "नाला खोल केला, त्याच्या पुढच्या साली पहिल्यांदा पोहरा खाली टेकला."

त्या ताडकन उठल्या. "दाखवता?"

मी काठी घेतली. नाल्यात उतरले. मशीननं नाला खणला तवा खालपर्यंत नेला, पार काळ्या पाषाणाला लावला. कडेला अजून थर दिसतो: वर माती, मग पुरुषभर पांढरट मुरूम, मग पाषाण. त्या मुरमात पाणी बसायचं आणि उंबराला पुरायचं. आता मुरूमच उघडा पडलाय, पाणी झिरपून नाल्यानं निघून जातं. मी काठीनं दाखवत गेले, त्या लिहीत गेल्या. म्हणाल्या, "तुम्ही जागा चुकीची सांगितली नव्हती आजी. जागा बदलली." मी म्हटलं, "पण नावं मीच उलटी केलती." त्या म्हणाल्या, "हो. ते तुम्हीच केलंत." टाळी नाही, काही नाही. तवा मला त्या पहिल्यांदा बऱ्या वाटल्या.

तू वरून बांधावरून बघत होतीस. मग खाली आलीस. मुरमाला हात लावलास. म्हणालीस, "आजी, उंबराचं पाणी नाल्यानं गेलं हे मला कधी सांगितलं न्हाईस."

मी म्हटलं, "तू कधी विचारलं न्हाईस."

ते खरं, पण अर्धं. विहीर आणि नाला एकत्र धरून मी स्वतःही कधी विचार केला नव्हता. तो त्या बाईनं करायला लावला, चपला काढून दहा मिनिटं होत नाहीत तोच. तुला ती बाई का आवडते ते मला त्या नाल्यात कळलं, आणि कळल्यावर हेवा कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही. आता निदान कशाचा हेवा करायचा ते नीट माहीत झालं.

निघताना तू म्हणालीस, "माप पुढंही तूच घ्यायचं. पण गुरुजी काठावर खुर्ची टाकून बसतील आणि प्रत्येक गाठ स्वतः बघतील." म्हणजे माझ्यावर पहारा. मला मान्य आहे. गुरुजींनाही मान्य आहे, हे लिहिताना ते लई खूश दिसतायत. गेल्या अमावस्येला ते खुर्ची घेऊन आलेही. मी "दोन" म्हटलं की ते चष्मा पुसून "दोन" म्हणतात, मग लिहितात. अशानं एका विहिरीला अर्धा दिवस जातो.

जेवायला थांबली नाहीस. पुढच्या खेपेला थांब, नाहीतर नको थांबूस, तुझ्या मनावर.

एक काम मात्र कर. मॅडमना म्हणावं, आजींनी तुमच्या हातचं काहीतरी खायला मागितलंय. विकतचं चालणार नाही. शंकरपाळ्या येतात का विचार. खुसखुशीत करा म्हणावं, मला खालचे चारच दात हायत. डब्यावर गुरुजींचं नाव घालून एसटीच्या पार्सलनं पाटोद्याला पाठव. चांगल्या झाल्या तर मूठभर पुरेत. बिघडल्या तर सगळ्याच पाठव.

तुझी आजी